पेटीतून काढलेला आप्पाराव

१

मनकर्णाला भीती म्हणून ठाऊक नाही असं जिंतुरात म्हणायचे, आणि ते खोटंही नव्हतं. नवरा वैजीनाथ जिंतूर-परभणी रस्त्यावर प्रवाशांची जीप चालवायचा, आणि ही बाई जत्राजत्रांतून मोटारपेटी घेऊन फिरायची. जत्रेत दारुडे असतात, उगाच अंगचटीला येणारे असतात, खेळ हरला की काचेवर मूठ आपटणारे असतात. मनकर्णा सगळ्यांना पुरून उरायची. "हारलास तर हारलास, काच कामून फोडायलास?" एवढं तिनं डोळे वटारून विचारलं की गडी मुकाट्यानं गर्दीत शिरायचा.

मोटारपेटी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण आता तसल्या पेट्या कुठं दिसत नाहीत. कमरेएवढी उंच लाकडी पेटी, वर काच. आत दोन लाकडी रुळांवर ताणलेला कापडाचा लांब पट्टा आणि त्यावर रंगवलेला डांबरी रस्ता. जिपीच्या वायपरची जुनी मोटार बॅटरीवर तो पट्टा फिरवायची. पट्ट्यावर टेकलेली एक वीतभर पत्र्याची जीप. ती एका दांडीला बांधलेली, आणि दांडी बाहेरच्या खऱ्याखुऱ्या स्टेरिंगला जोडलेली. खेळणाऱ्यानं स्टेरिंग फिरवायचं, जीप डावी-उजवीकडं सरकायची. रस्त्याच्या कडेच्या पितळी पट्टीला ती लागली की घंटी वाजायची, खेळ खलास. खरं तर जीप जागच्या जागीच असायची, पळायचा तो रस्ता. पण स्टेरिंग हातात आलं की हे कुणाच्या ध्यानात राहायचं नाही.

वैशाखाचे दिवस. पोखर्णीची नरसिंहाची जत्रा तोंडावर आलेली. दुपारची भाकरी खाऊन मनकर्णा घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पेटी तपासत बसली होती. पेटीला मागाहून जोडलेल्या सगळ्या करामती तिनं मागंच काढून टाकल्या होत्या. पूल काढला, पुलावरचा माणूस काढला, दुसरी घंटी काढली. पहिल्यासारखा साधा रस्ता ठेवला. आता एकदा चालवून बघायचं, तेल घालायचं आणि वर फडकं टाकायचं, एवढंच काम उरलं होतं. तिनं बटण दाबलं. पट्टा कुरकुरत सरकायला लागला. वळण गेलं, लिंबाचं झाड गेलं, आणि जिथं पूल होता तिथं येऊन पट्टा थांबला.

मोटार बंद पडली नव्हती. ती आपली घुमत होती. पट्टा तेवढा थांबला. मग पेटीच्या आतून पत्र्यावर दोन थापा पडल्या, थप थप, आणि पट्टा पुन्हा चालायला लागला.

जिपीनं फिरणाऱ्या माणसाला ह्या थापांचा अर्थ सांगावा लागत नाही. मागं बसलेल्यानं पत्र्यावर एक थाप मारली तर गाडी थांबवा, उतरायचंय. दोन मारल्या तर माणूस बसलंय, चला.

मनकर्णानं बटण बंद केलं. "मेली शिवण अडकली असंल पट्ट्याची," ती म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी चांगली मोठ्यानं म्हणाली.

२

ह्या सगळ्या उपद्व्यापाचं मूळ होतं पंडित. वैजीनाथचा धाकटा भाऊ. दुकानाच्या पाट्या आणि ट्रकांचे नंबर रंगवून पोट भरायचा. हातात कला होती, पण डोक्यात सदा काहीतरी भलतंच चाललेलं. दिवाळीच्या सुमाराला तो पेटीभोवती घुटमळायला लागला. "वैनी, नुसता रस्ता बघून लोक बेजार झालेत. तुमी गप बसा, मी काय करतो ते बगा."

आणि त्यानं केलं. पेटीतला रस्ता त्यानं हुबेहूब आपला परभणीचा रस्ता करून टाकला. तेच वळण, तेच लिंब, आणि बोरीच्या अलीकडचा तो छोटा नळकांडी पूल. पत्र्याच्या जिपीच्या खिडकीत त्यानं वैजीनाथ रंगवला, झुपकेदार मिशा आणि दोन्ही हात स्टेरिंगवर. मनकर्णा बघून लाजलीसुद्धा. आणि पुलाच्या कडेला त्यानं स्प्रिंगवर उभा केला आप्पाराव.

आप्पाराव पुलाजवळच्या वस्तीवरचा. वय झालेलं, डोक्यानं जरा हललेला. रोज दुपारी डाव्या हातात पिशवी घेऊन पुलावर यायचा आणि येईल त्या गाडीला उजवा हात करायचा. कुठं जायचं म्हणून विचारलं तर म्हणायचा, "फुडं." कुणी घेतलाच तर वाटेत मनाला येईल तिथं एक थाप मारून उतरायचा आणि चालत परत फिरायचा. रस्त्यावरचे सगळे डायवर त्याला ओळखायचे. कुणी घ्यायचे, कुणी हसून पुढं जायचे.

पंडितनं जुन्या पाटीच्या जाड पत्र्याचा चौकोनी तुकडा घेतला आणि त्याच्यावर आप्पाराव काढला. धोतर, टोपी, पिशवी, वर केलेला हात, सगळं. माणूस जिपीपेक्षा उंच झाला, पण जत्रेत ते कोण बघतंय? जीप त्याला धडकली की तो आडवा व्हायचा, दुसरी घंटी खणखणायची, आणि स्प्रिंगवर तो पुन्हा हात वर करून उभा. लोकांनी डोक्यावर घेतलं. "आरं, हे तर आपलं आप्पाराव!" मग नीट गाडी हाकायची कुणाला पडली होती? जो तो त्याला उडवायलाच यायचा. पोटं धरधरून हसायचे. मनकर्णाही हसायची.

एकदा जिंतूरच्या बाजारात आप्पाराव स्वतःच पेटीपाशी येऊन उभा राहिला. पोरं त्याला उडवत होती ते त्यानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बाई, ह्या जिपीला थांबता येत न्हाई का?"

"हा थांबायचा खेळ न्हाई काका, पळायचा हाय," मनकर्णा म्हणाली.

"मग म्या कामून हात करून उभा हाय?"

सगळे खो खो हसले. तीही हसली. आप्पाराव हसला नाही, पिशवी सावरून निघून गेला.

माघात त्याच पुलावर भर दुपारी त्याला ट्रकनं उडवलं. जागच्या जागी गेला. ट्रक कुणाचा ते कळलंच नाही. त्याच्या जरा आधी वैजीनाथची जीप तिथून गेली होती. गाडी गच्च भरलेली. आप्पारावनं हात केला, वैजीनाथनं मान हलवली आणि तो पुढं निघून गेला. त्या दिवशी तो जेवला नाही. ताटावरून उठताना एवढंच म्हणाला, "ते पेटीतलं काढून टाक."

मग मनकर्णानं सगळं काढलं. पुलाचं कापड कापून चुलीत घातलं आणि तिथं कोरं ठिगळ लावून रस्त्याचा रंग दिला. घंटी आणि स्प्रिंग सोडवून फळीवर ठेवली. आप्पारावचा पत्रा पंडितकडं दिला आणि म्हणाली, "लांब नेऊन टाका." जिपीतला वैजीनाथ तेवढा राहू दिला. नवऱ्याचं तोंड कोण खरवडून काढील?

३

दुसऱ्या दिवशी तिनं ठिगळाची शिवण उसवून पुन्हा सपाट घातली. रुळांना तेल दिलं. पट्टा चालवला. पूल होता तिथं तो थांबला आणि थप थप वाजलं.

उन्हानं पत्रा वाजतो. जिंतूरच्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत बसलेल्याला हे नवीन नाही, दुपारभर छप्पर कडकड बोलत असतं. मनकर्णानं स्वतःला हेच समजावलं आणि पंडितला हाताशी घेऊन पेटी घरात आणली. घर धाब्याचं, वर हातभर माती, आत गारवा. तिथं सुईचा आवाज ऐकू आला असता. पट्टा चालला, थांबला, आणि आतून थापा पडल्या. अगदी स्वच्छ, उघड्या तळहाताच्या. पंडित दारात बिडी ओढत होता. त्यानं मान वळवून रस्त्याकडं पाहिलं. त्याला वाटलं, बाहेर एखादी जीप निघाली.

मग बाईला चेव आला. भीतीपेक्षा तिला राग लवकर यायचा. तिनं रंगवलेला पट्टाच काढून टाकला आणि त्याजागी नवा मांजरपाट ताणला. पांढरा, कोरा. रस्ता नाही, झाड नाही, काहीच नाही. दांडी सोडवून पुन्हा बांधली. मोटार खोलून पुसली. पेटी पालथी घालून एखादी जुनी तार चुकून राहिली आहे का ते हात घालून चाचपलं. एकही तार नव्हती. पेटी परत पत्र्याच्या खोलीत नेऊन तिनं बटण दाबलं.

पांढरं कापड सरकत राहिलं. त्याच्यावर कुठली जागा कुठं, हे ओळखायला काही खूण नव्हती. तरीही थोड्या वेळानं ते थांबलं. थापा पडल्या. कापड पुन्हा सरकलं, पण आता मोटारीचा आवाज बदलला होता. चढाला लागल्यावर भरलेली गाडी कण्हते तशी ती कण्हायला लागली. मनकर्णा काचेवर वाकली. पत्र्याची जीप मागून दबली होती. तिचं शेपूट कापडाला टेकून घासत होतं, आणि कोऱ्या मांजरपाटावर मागं एक काळी ओळ उमटत चालली होती.

तिनं काच उघडून जीप हातात घेतली. हलकी, कागदासारखी. आत फुंकर मारली. मग तिनं जीप परत दांडीला लावली, वर फडकं टाकलं आणि बाहेर येऊन उन्हात उभी राहिली.

४

वैजीनाथ एका फेरीनंतर भाकरीला घरी यायचा. त्या दिवशी तो घास हातात धरून नुसता बसला.

"गाडी लय जड जायलीय गं," तो म्हणाला.

"कुठून?"

"पुलापासून. मिस्तरीला दाखवली. म्हणतो, गाडी ठणठणीत हाय, तुलाच ऊन लागलंय." तो हसला, पण हसू काही जमलं नाही. "मागची माणसं भांडायलेत. सरका, सरका म्हणतेत. नेहमीएवढीच असत्यात, तरी जागा पुरंना."

बोलू नये म्हणता म्हणता ती बोलून गेली, "आणि थापा?"

त्याचा घास ताटात पडला. "तुला कोणी सांगितलं?"

पेटीचं तिनं त्याला सांगितलं नव्हतं. ज्याला रोज त्याच रस्त्यावर जायचंय त्याच्या डोक्याला आणखी घोर कशाला, म्हणून.

वैजीनाथच मग हळू आवाजात म्हणाला, "पुलावर पाय आपोआप बिरेकवर जातो. गाडी उभी ऱ्हाती. कुणी चढत न्हाई, काई न्हाई. मागून दोन थापा पडत्यात, की म्या निघतो. न निघून काय करू?"

"मागं वळून बगता का न्हाई तुमी?"

"आरशात बगतो. सगळे आपापल्या पायाकडं बगत बसलेले असत्यात."

बाहेर जीप उन्हात तापत उभी होती. मनकर्णानं उठून दार लोटलं. "आवो, उद्यापून जाऊ नका. माजं ऐका. घरी बसा थोडं दिवस."

"दुसरा रस्ता हाय का? नामांतराच्या बंदात एसटी डेपोत उभी ऱ्हायची, रस्त्यावर दगडं पडायचे, तवाबी म्या ह्याच रस्त्यानं गेलो. आता रिकाम्या पुलाला भिऊ व्हय?" त्यानं तांब्या तोंडाला लावला, पण पाणी न पिताच खाली ठेवला. "चढतो त्याचं काई न्हाई, मनकर्णे. पण तो उतरत न्हाई. परभणी येती, जिंतूर येतं, सगळे उतरत्यात. थांबा म्हणून त्याची एक थाप काई पडत न्हाई."

कोण, असं तिनं विचारलं नाही. तो उठून हात धुऊन निघून गेला. जीप चालू झाल्याचा आवाज आला तशी ती उंबऱ्यापाशी बसली. देवा, माझा माणूस तेवढा सांभाळ, दुसरं काही मागत नाही, असं ती पुटपुटत राहिली. जत्रा, पेटी, सगळं तिच्या डोक्यातून गेलं होतं.

५

रडून मोकळी होईल अशी ती बाई नव्हती. तिनं सरळ हिशेब मांडला. आपण काय काय काढलं, आणि त्यातलं काय कुठं गेलं? कापड चुलीत जळालं. घंटी फळीवर, स्प्रिंग फळीवर. राहिला तो पत्रा.

पंडित चौकात एका दुकानाची पाटी रंगवत बसला होता. डोक्यावर ओला पंचा, कानावर कुंचला.

"भाऊजी, आप्पारावचा पत्रा कुठं टाकला तुमी?"

"टाकतो कशाला वैनी!" पंडित खुशीत म्हणाला. "असला जाड पत्रा आता मिळतो का? दादाच्या जिपीला मागं भोक पडलं हुतं न्हवं, पाय ठेवायच्या जागी? धूळ यायलीय म्हणून माणसं बोंबलत हुती. दिला ठोकून तिथं. चार रिबिटा मारल्या, झालं काम. दादालाबी ठाव न्हाई अजून."

आता ह्यात पंडितचं तरी काय चुकलं? आपल्याकडं चांगला पत्रा कुणी फेकून देतं का? फुटक्या बादलीचं बूड दाराला लागतं, दाराचा पत्रा न्हाणीला लागतो. मनकर्णानं स्वतः अशी शंभर ठिगळं मारली होती.

"तोंड वर केलं का खाली?" तिनं कसंबसं विचारलं.

"वर की. खाली केलं असतं तर चिखलानं रंग गेला असता. मेहनतीनं काढलेलं चित्र, वैनी." मग त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि कानावरचा कुंचला हातात घेतला. "का? काय झालं?"

"छन्नी-हातोडा घ्या नि चला माज्यासंगं," ती म्हणाली.

६

वैजीनाथची जीप दारात येऊन उभी राहिली तेव्हा दोघं वाटच बघत होते. मनकर्णानं त्याला उतरूही दिलं नाही नीट, ती मागून आत चढली. दोन्ही बाकांच्या मधे रबरी चटई होती, माणसांच्या पायांनी झिजलेली. तिनं ती एका कोपऱ्यातून धरली आणि उचलली.

आप्पाराव खाली होता. धोतराचा रंग पायांनी उडाला होता, टोपीही पुसट झाली होती. तोंड मात्र कालच रंगवल्यासारखं स्वच्छ. आणि त्याचा हात खाली होता. उजवा हात, वर केलेला, ज्याच्यावर जत्रा हसायची, तो आता मांडीवरच्या पिशवीवर होता. चढून बसलेल्या माणसाचा असतो तसा.

"भाऊजी," मनकर्णा हळूच म्हणाली, "तुमी हात वर काढला हुता न्हवं?"

पंडितनं वाकून पाहिलं आणि तो दोन पावलं मागं सरकला. "माय शपथ वैनी, म्या वरच काढला हुता."

पंडित पुढं येईना म्हणून छन्नी मनकर्णानं धरली आणि हातोडाही तिनंच मारला. रिबिटा उडाल्या. पत्रा निघाला तशी खालची तापलेली जमीन दिसली, आणि त्या भोकातून गरम वारा तिच्या तोंडावर आला. वैजीनाथ मडगार्डला टेकून बघत होता. त्याला सगळं सांगून झालं तेव्हा त्यानं पत्रा हातात घेतला आणि बराच वेळ त्या तोंडाकडं पाहिलं.

"विहिरीत टाकू का?" पंडित म्हणाला.

"न्हाई," मनकर्णा म्हणाली. "लय दिस झाले त्याला फिरवायलो आपण. त्याचा पूल हाय, तिथं सोडा. आवो, तुमी स्वतः उतरा, कठड्याला टेकवून ठेवा, हात जोडा, चुकलं म्हणा. त्या दिवशी थांबला न्हाईत, आज थांबा."

वैजीनाथनं मान डोलावली. हे त्याच्या मनातलंच होतं जणू. "सवारी आज नगं. आधी त्याला सोडतो." पत्रा त्यानं आपल्या शेजारच्या सीटवर उभा ठेवला. ती म्हणाली, मीबी येते. तो म्हणाला, नको, पेटी बघ तुझी, जत्रा आलीय. चावी फिरवताना त्यानं सवयीनं मागं पाहिलं, "बसले का सगळे?" आणि रिकामी बाकं बघून स्वतःच हसला. कित्येक दिवसांनी हसला. जीप हलकी होऊन निघाली. धुळीआड जाईपर्यंत मनकर्णा दारात उभी होती.

७

घरातलं काम उरकून मग पत्र्याच्या खोलीत येऊन तिनं पेटीवरचं फडकं काढलं. हात जोडले आणि बटण दाबलं.

पांढरं कापड सरकलं. सरकत राहिलं. थांबायची वेळ आली आणि गेली. पट्टा थांबला नाही, थाप नाही, मोटार आपल्या नेहमीच्या आवाजात कुरकुरत होती. जिपीचं शेपूट वर होतं. पट्टा पुन्हा फिरून आला आणि तसाच पुढं गेला. "सुटलो गं माय!" मनकर्णा म्हणाली आणि तिला एकदम रडूच कोसळलं. पदरानं डोळे पुसत, हसत, ती स्टेरिंगवर डोकं टेकून उभी राहिली. जत्रेला नव्या पट्ट्यावर काय रंगवावं, ह्याचाही विचार तिच्या मनात येऊन गेला. नुसतं शेत रंगवावं, करडईचं, माणूस नाही काही नाही.

तेवढ्यात आतून थाप पडली. एकच.

पट्टा थांबला.

एक थाप म्हणजे थांबा, उतरायचंय. उतरला! वैजीनाथ पुलावर पोचला असणार, पत्रा कठड्याला टेकवला असणार. मनकर्णानं डोळे मिटून कपाळाला हात लावला. "जा बाबा," ती म्हणाली, "तुला जायचंय तिथं जा."

तिनं बटण बंद केलं. पुन्हा काही नको म्हणून बॅटरीची तारही काढून ठेवली. मग काच पुसायला फडकं घेतलं, आणि पुसता पुसता तिचा हात थांबला. काचेवर धूळ असेल म्हणून तिनं पुन्हा पुसलं. मग काच उघडली. जिपीची खिडकी रिकामी होती. मिशा नाहीत, स्टेरिंगवरचे हात नाहीत. रंग खरवडला असता तर ओरखडे दिसले असते. तिथं नुसता लखलखीत पत्रा होता, जणू कुणी कधी काही काढलंच नव्हतं.

८

बऱ्याच वेळानं बाहेर जिपीचा भोंगा वाजला. मनकर्णा धावत दारात आली. जीप वैजीनाथची नव्हती. त्याच रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या सितारामची होती. सिताराम खाली उतरून डोक्याचा रुमाल सोडत होता.

"वैनी, काय झालंय वैजीनाथभाऊला?" तो म्हणाला. "ऊन लागलं का? गाडी पुलावर एका कडंला उभी, इंजन चालूच. आन् हे आपले कठड्यापाशी उभे ऱ्हाऊन हात करायलेत."

"हात करायलेत?"

"व्हय. म्या थांबलो. म्हणलं भाऊ, गाडी सोडून असं कामून उभारलाव? कुठं जायचंय? तर म्हणले, फुडं."

मनकर्णानं दाराची चौकट धरली. "आन् पत्रा? तिथं पत्रा हुता का, रंगीत? माणसाचं चित्र?"

"पत्रा हुता की कठड्याला टेकवलेला. पर कोरा हुता, वैनी. चित्र बित्र काई न्हाई."

"मग ह्यास्नी तसंच सोडून आलाव तुमी?"

"सोडतोय कशाला? आणलं की घेऊन." सितारामनं अंगठ्यानं गाडीकडं दाखवलं. "मागं बसलेत. पुलावर चढले, दोन थापा मारल्या, म्हणून तर म्या निघालो. वाटंत कुठं थांबलोबी न्हाई."

मनकर्णा जिपीच्या मागं गेली. दोन्ही बाकं रिकामी होती. एका बाकावर वैजीनाथचा चौकड्यांचा रुमाल पडला होता, घडी केलेला. तिनं तो उचलला. अजून ओला होता घामानं. सिताराम तिच्या मागून डोकावला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्ता तर हुते," तो म्हणत राहिला, "वैनी, देवाशप्पत, आत्ता तर हुते."

ती त्याचं ऐकायला थांबली नाही. रुमाल छातीशी धरून ती घरामागं गेली. पत्र्याची खोली भट्टीसारखी तापली होती. पेटी उघडीच होती. बॅटरीची तार तिनं काढून ठेवली होती तशी फळीवर लोंबत होती. पांढरं कापड निश्चल, आणि त्याच्यावर ती रिकाम्या खिडकीची जीप. मागून दबलेली.

"आवो," मनकर्णानं हाक मारली.

काही नाही. वर छप्पर उन्हानं एकदा कडाडलं आणि गप्प झालं.

लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर नवऱ्याचं नाव तिच्या ओठावर कधी आलं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी स्टेरिंग गच्च धरलं, काचेच्या कडेवर वाकली आणि घसा फुटेस्तोवर ओरडली, "वैजीनाथ! उतरा! एक थाप मारा, म्या थांबवते गाडी! वैजीनाथ!"

आतून दोन थापा पडल्या. स्टेरिंग तिच्या हातातून सुटलं, आणि रस्ता पळायला लागला.